भांबुर्ड्याचं पोतं आणि डुंगरीचे काका (पोपटी विरुद्ध उंबाडियू)

खाचरातला_बगळा (धागाकर्ता)

गाव नागोठण्याजवळ, नोकरी वापीत, एका केमिकल कारखान्यात शिफ्ट ड्युटी. हे आधीच सांगायचं कारण, माझ्या नाकावर आता माझाच भरवसा उरलेला नाही. आठ तास सॉल्व्हंटचा वास घेतला की संध्याकाळी वरणाची फोडणीसुद्धा धड कळत नाही. त्यामुळे गेल्या जानेवारीत सुरतेहून बाइकवर परत येताना, वलसाडच्या अलीकडे डुंगरीच्या आसपास, हायवेवर भांबुर्ड्याचा वास आला तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, नाकापाठोपाठ आता डोकंही गेलं.

रायगडबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. पोपटी म्हणजे मडक्यात, पाण्याचा थेंबही न घालता, शिजवलेल्या वालाच्या शेंगा. आमच्याकडं भातकापणी झाली की खाचरात उरलेल्या ओलीवरच वाल करतात, त्याला वेगळं पाणी नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरल्या की पोपट्या लागायला सुरुवात होते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, जाड मीठ, ओवा. मग ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बटाटे, कांदे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं शेतातच उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवून द्यायचं. अर्धा-पाऊण तासानं वरून पाण्याचे शिंतोडे मारायचे. चुर्र झालं की झाली.

भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं, एरवी कोणी ढुंकूनही न बघणारं झाड. वास उग्र, जरासा कापराच्या अंगानं जाणारा, हाताला लागला तर दोन दिवस सुटत नाही. पण पोपटीत मसालाही तोच, झाकणही तोच आणि वाफही त्याचीच.

तर तो वास हायवेवर. बाइक वळवून मागं आलो (उलट्या बाजूनं, हो, ओरडू नका). ताडपत्रीची शेड, बाजूला राखेचा ढीग, त्यात पाच-सहा मडकी उपडी घातलेली. गुजराती अक्षरं जुळवत पाटी वाचली: उंबाडियू. मी गिऱ्हाइकासारखा बाकावर बसलो नाही, सरळ राखेपाशी जाऊन उभा राहिलो. मडकी बघत एवढा वेळ उभा होतो की शेडमधले काका शेवटी म्हणाले, "केम भाई, खावानुं के खाली जोवानुं?" (खायचं की नुसतं बघायचं?)

माझं गुजराती म्हणजे कारखान्यातलं हिंदी आणि शेवटी "छे". तरी विचारलं, काका, हा पाला कुठला? म्हणाले, कलार. एक फांदी उचलून तळहातावर चोळली आणि माझ्या नाकाशी धरली. मी म्हटलं, आमच्याकडं ह्यालाच भांबुर्डा म्हणतात आणि असंच मडक्यात घालतात. काकांनी हातातला चिमटा खाली ठेवला. आतापर्यंत मी त्यांच्या दृष्टीनं फोटो काढायला थांबलेला कोणीतरी होतो. आता चौकशी सुरू झाली. शेंगा कुठल्या? मीठ कुठं घालता, पाल्यावर की शेंगांवर? मडकं नवं की जुनं? आग किती वेळ?

माझी उत्तरं त्यांना फारशी पसंत पडली नाहीत. उंबाडियूत पापडीच्या शेंगांबरोबर कंद (आपलं जांभळं कोनफळ), रताळी, बटाटे असतात आणि कंद-बटाट्यांना चिरा देऊन त्यात आलं-मिरची-लसणाचं हिरवं वाटण भरतात. आमच्यात वाटण नसतं म्हटल्यावर काकांनी माझ्याकडं करुणेनं पाहिलं. अंडी घालतो म्हटल्यावर मात्र शेडमध्ये कोणी ऐकत नाही ना ते बघून हळूच म्हणाले, "दुकाने नहीं. घरे!"

खरं भांडण झालं ते पाण्यावरून. मी सांगितलं, आम्ही शिंतोडे मारून बघतो. काका जवळजवळ ओरडलेच, "माटला पर पाणी? फूटी जशे!" त्यांचं शास्त्र असं: आधी पाल्याचा वास येतो, मग तो मागं पडून शेंगांचा गोडसर वास पुढं येतो, तो आला की पाचेक मिनिटं थांबून काढायचं. मी म्हटलं, आणि नाक चोंदलं असेल तर? ते म्हणाले, मग त्या दिवशी दुकान बंद.

शेवटी खायलाही बसलो. खाटेवर मडकं रिकामं केलं, वाफ अंगावर आली. हिरवी चटणी, गार ताक. पहिली शेंग सोलली आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मला बोलता येईना. चव आमच्या पोपटीची नव्हती, वाटणानं वेगळीच झाली होती. पण शेंगेच्या सालीला बोटांवर जो वास राहतो ना, तो घरचा होता. वापीत तीन वर्षं झाली, पहिल्यांदाच कोणाशीतरी कामाव्यतिरिक्त तासभर बोललो, आणि त्यातही अर्धा तास भांडलो.

तेव्हापासून दर पंधरवड्याला काही ना काही कारण काढून त्या रस्त्यानं जायला लागलो. पुढची गंमत पोत्याची आहे, ती रात्रपाळी संपली की लिहितो.

---

रोहेकरीण

बगळेभाऊ, वाचनखूण साठवली. पण दोन दुरुस्त्या. एक, आमच्या घरी भांबुर्डा कोणी म्हणत नाही, भामरूट. दोन, ओवा चिमूटभर. तुमच्यासारखे लोक मूठभर ओवा घालतात आणि मग पोपटी खाल्ली की पोटदुखीचं औषध घेतल्यासारखं वाटतं.

पुढच्या लेखनाला शुभेच्छा. पोत्याची गोष्ट लवकर टाका.

---

पेठेतला_अप्पा

पुण्याच्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे. एवढी वर्षं पुण्यात काढून ह्या नावाचा खाण्याशी काही संबंध लागू शकतो असं कधी मनातही आलं नव्हतं. आता स्टेशनवर उतरलो की शेंगा आठवणार.

---

रोहेकरीण

अप्पा, नाव कशावरून पडलं ह्यावर इथं शंभर प्रतिसाद पाडू नका, हात जोडते.

---

उधनावाली

आम्ही मूळचे यावल तालुक्यातले, वडील मिलच्या कामाला सुरतेत आले, मी उधन्यात वाढले. आमच्या भागात इतके खान्देशी आहेत की लहानपणी मला वाटायचं गुजराती ही फक्त शाळेत बोलायची भाषा आहे.

धागा वाचून शेजारच्या काकी आठवल्या. थंडीत आई भरताची वांगी भाजायची. गावाकडं तूरकाठ्यांवर भाजतात, ती सोय नाही म्हणून गच्चीवर मिळतील त्या काटक्या गोळा करून. वास गेला की काकी वर यायच्या. त्यांच्यात वांग्याच्या भरताला ओळो म्हणतात. त्यांचा प्रश्न ठरलेला, टोमॅटो कुठंय? आईचं उत्तरही ठरलेलं, टोमॅटो घालायचा तर वांगं कशाला भाजायचं, भाजी करा की. आमच्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजून बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचायचे, वांगं त्यातच घोटायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. काकी नावं ठेवत ठेवत दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी संपवायच्या. अठरा वर्षं हेच चाललं. आई गेली त्या वर्षी चंपाषष्ठीला काकींनी त्यांच्या घरून डबा पाठवला. भरीत होतं, बिनटोमॅटोचं.

---

शंकासुर

लेख छान आहे, पण जरा विरजण घालतो. हायवेवरचा विक्रेता गिऱ्हाइकाशी गोड बोलणारच. तो त्याचा धंदा आहे. आपण दोन वेळा गेलो, त्यानं तिसरी शेंग फुकट दिली की आपल्याला ऋणानुबंध वगैरे दिसायला लागतात. तो माणूस दिवसाला शंभर लोकांना "तुमच्याकडं काय म्हणतात ह्याला" असं विचारत असेल.

---

ज्वारीचं_कणीस

शंकासुर, तुम्ही कधी हुरड्याच्या आगटीजवळ बसला नाहीत वाटतं. तिथं कोणी गिऱ्हाईक राहत नाही हो. हात काळे झाले की सगळे सारखेच.

मी मंगळवेढ्याची. नोकरीसाठी सुरतेत वर्षभर होते तेव्हा तापीकाठी पोंक विकायला बसलेले बघितले. कोवळी ज्वारी, भाजून, दाणे मोकळे केलेले. पोंक म्हणजे हुरडाच की! पण ते त्याबरोबर शेव खातात, लिंबू-मिऱ्याची शेव, आणि साखरेच्या गोळ्या. मी विकणाऱ्या ताईंना म्हटलं, ह्याबरोबर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन बघा. त्या म्हणाल्या, तू आण, मी खाते. पुढच्या आठवड्यात घरची चटणी नेली. त्यांनी खाल्ली, ठसका लागला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा हात पुढं केला.

मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडं हुरड्याच्या ज्वारीत गूळभेंडी असते तशी एक "सुरती" पण असते. त्यांचा विश्वासच बसेना. शेजारच्या टपरीवाल्याला हाक मारून त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. "सोलापूरमां सुरती!" पुढं मी गेले की त्या मला नावानं नाही, "सोलापूर" म्हणूनच हाक मारायच्या.

---

बिलिमोऱ्याचा_बाळ्या

जन्म बिलिमोऱ्याचा, आई-वडील रत्नागिरीचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा मला हक्क आहे.

पहिलं, उंबाडियू आणि उंधियू एक नव्हे. मुंबईत लोक सरसकट उंधियू म्हणतात. उंधियूचं नावच "ऊंधुं" म्हणजे उलटं ह्यावरून आलंय, मूळ तेही उलट्या मडक्यातलंच. पण आता सुरती उंधियू घराघरांत पातेल्यात, भरपूर तेलात होतो, त्यात मेथीचे मुठिये असतात. उंबाडियूत तेल नाही. तो वलसाड-डुंगरी पट्ट्याचा, शेतातला पदार्थ आहे. उंबाडियू ह्या शब्दाचा अर्थच पेटतं लाकूड.

दुसरं, नुसता कलार नसतो, कंबोईचा पालाही लावतात. काकांनी सांगितलं नसेल तर त्यांनी अजून तुम्हाला पूर्ण आपलं मानलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

शंकासुर ह्यांना: धंद्यापुरतं बोलणारा माणूस घरच्या अंड्याची गोष्ट सांगत नाही.

---

खाचरातला_बगळा

बाळ्या, कंबोईचं मला चौथ्या भेटीत कळलं. तोपर्यंत ते "दुसरो पालो" एवढंच म्हणत होते.

शंकासुर, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. आता पोत्याचं ऐका.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलो तर काका वैतागलेले. पूर्वी पाला शेडच्या मागंच मिळायचा. आता आजूबाजूला आंब्याच्या आणि चिकूच्या वाड्या, त्यात तणनाशक मारतात. कलार म्हणजे तणच, तो पहिला मरतो. उरलेल्या शेतांवर प्लॉट पडले. पहाटे उठून मोपेडवर बारा-पंधरा किलोमीटर जावं लागतं आणि तरी अर्धीच गोणी भरते. मी सहज बोलून गेलो, आमच्या बांधांवर पायाखाली येतो. काका काही बोलले नाहीत. मला मात्र परतीच्या रस्त्यावर तेच डोक्यात.

पुढच्या सुट्टीत गावी गेलो. रविवारी पहाटे विळा घेऊन बाहेर पडलो, तासाभरात पोतं भरलं. आई ओट्यावर बसून बघत होती.

"येरा झालास का रं? गुजरातला पाला नेतस? लोक तिकडना कपरं आनतान."

म्हटलं, त्यांना मिळत नाही. "मंग पोपटी नको लावू म्हनावं," आई म्हणाली. पण पोतं बांधताना तिनंच आत ओलं फडकं घातलं आणि तोंडाशी केळीचं पान दुमडून दिलं, नाहीतर करपतं म्हणाली.

नागोठण्याहून दिव्याला मेमू, दिव्याहून वसईला दुसरी, वसईहून वलसाडची गाडी. पोत्याला वास केवढा आहे, याची कल्पना मला घरात आली नव्हती. बंद डब्यात आली. दिवा-वसई गाडीत एका मासळीवाल्या मावशीनं नाकाला पदर लावला. मासळीवाल्या मावशीनं! टीसी आला, पोत्याकडं बघून म्हणाला, यात काय? पाला. कसला? जेवणातला. औषधी आहे का? मी म्हटलं, नाही, शेंगांसाठी. तो पोत्यापासून एक पाऊल मागं सरकला आणि तिकीट न बघताच गेला. (तिकीट होतं. लगेज आकाराबद्दल मी स्वतःहून काही विचारलं नाही.)

डुंगरीला संध्याकाळी पोचलो. काकांनी पोतं उलगडलं, वरचा थर मलूल झाला होता, आतला ताजा होता. खिशात हात घातला, मी हात धरला. थोडी झटापट झाली. मग त्यांनी पैसे ठेवून दिले आणि आत जाऊन चारेक किलो कंद आणला, पोत्यात टाकला, पोतं बांधून माझ्या बाइकला लावलं. बाइक स्टेशनबाहेर ठेवली होती हे त्यांना कसं माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी दोन मडकी शेजारी शेजारी लागली. एकात त्यांचा कलार, एकात माझा भांबुर्डा. आत सगळं सारखंच. गिऱ्हाइकांना सांगायचं नाही असं ठरलं. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही, त्यांनी दोन्हींतलं खाल्लं आणि ताक मागितलं. मला फरक जाणवला, पण मी आधीच ठरवून बसलो होतो म्हणून असेल. काकांनी मात्र डोळे मिटून दोन्ही शेंगा हुंगल्या आणि बरोबर ओळखल्या. त्यांचा निकाल: माझा पाला तिखट, त्यांचा गोड. तिखट पाला अंड्यांना चांगला. हे त्यांनी मोठ्यानं म्हटलं, शेडमध्ये माणसं असताना.

---

एडिसनकर

मी न्यू जर्सीत. इथल्या गुजराती दुकानात फ्रोझन सुरती पापडी मिळते. दोन वर्षांपूर्वी हट्टानं पोपटी लावली. मडकं म्हणून मातीचं झाकणाचं भांडं, भट्टी म्हणून ओव्हन, पाला म्हणून... काहीच नाही. पुदिना आणि ओव्याची पानं घातली. शेंगा शिजल्या, नाही असं नाही, पण त्याला पोपटी म्हणणं म्हणजे दुधाच्या पिशवीला म्हैस म्हणणं आहे. वर धुराचा अलार्म वाजला तो वेगळाच, मी पानं करपवली होती.

सोमवारी दुकानदाराला सांगितलं. तो नवसारीकडचा. त्यानं विचारलं, "कलार वगर?" आणि इतका हसला की मागं रांगेत उभ्या बाईंनी चौकशी केली, काय झालं म्हणून. मला त्या दिवशी कलार हा शब्द समजला नव्हता. आज ह्या धाग्यामुळं समजला. उद्या दुकानात जाऊन "भांबुर्डा" म्हणून बघतो.

---

कडूवाल

अलिबागकडचा. सगळे गोड गोड बोलताय म्हणून मी कडू बोलतो, आयडीलाही शोभेल.

तुमच्या डुंगरीच्या काकांचं तण मेलं, आमची शेतंच चालली. ज्या खाचरात आजोबा वाल करायचे तिथं आता शनिवार-रविवारचा बंगला आहे, आत पोहण्याचा तलाव. त्याच रस्त्यावर पोपटी फेस्टिव्हलचा बोर्ड, माणशी तिकीट. मागच्या वर्षी एका पाहुण्याच्या आग्रहानं गेलो. शेंगा बाजारातून आणलेल्या, पाला नावाला, मडक्यात पनीरचे तुकडे आणि मशरूम. मडकं ग्रिलवर ठेवलेलं, उपडं नाही, सुलटं! बाजूला डीजे. शिंतोडे मारले तर चुर्र ऐकू कुठून येणार?

पोपटीला आमच्याकडं कधी आमंत्रण नसायचं. आग दिसली की माणूस यायचा. वाटेनं जाणारा मीठविक्या, मुंबईहून आलेल्या कोणाचा पाहुणा, एकदा तर बिल द्यायला आलेला वायरमन. बस म्हटलं की बसायचा. सालींचा ढीग कोणाचा मोठा यावर पैज लागायची. त्या वायरमनची बदली होईपर्यंत आमच्या आळीतली लाइट कधी दोन तासांपेक्षा जास्त गेली नाही, हे मात्र खरं.

---

रोहेकरीण

कडूवाल, सुलटं मडकं वाचून पोटात गोळा आला. पाला खाली राहिला तर वाफ कुठं जाणार? बाकी वायरमनची गोष्ट झकास.

---

पेठेतला_अप्पा

मूळ पुणेकरी प्रश्न: ज्यांच्याकडं शेत नाही, मडकं नाही, पेंढा नाही, त्यांनी कुकरमध्ये केलं तर चालेल का? शिट्टी किती?

---

रोहेकरीण

अप्पा, बाहेर व्हा.

---

शंकासुर

बगळा, पोत्याचं वाचलं. माझी हरकत मागं घेतो. मोपेडवर पंधरा किलोमीटर जाणारा माणूस दिवसाला शंभर जणांशी गप्पा मारत बसणार नाही, हे मान्य. पण एक विचारू का, ते तुम्हाला पाल्यासाठी जवळ करत असतील तर?

---

खाचरातला_बगळा

करत असतील तर करोत. मीही वासासाठीच थांबलो होतो की.

---

खाचरातला_बगळा

धागा वर काढतोय, कारण यंदाची बातमी द्यायची राहिली.

पावसाळ्यात काकांची शेड बंद असते, ते तेव्हा भाताच्या कामाला. त्यामुळे जूनपासून भेट नव्हती, फोनवर "केम छो, मजामां" एवढंच. ह्या जानेवारीत मी आठ दिवसांची रजा टाकून गावी आलो. कंदाचं मी आईला मागच्या वर्षी सांगितलं होतं, तिनं तेव्हा त्याची भाजी करून टाकली होती. ह्या वेळी मी आधीच बजावलं, पोपटीत घालायचा. आई म्हणाली, घाल, पन चिरा देऊन वाटन भरशील तर मी खायला येनार नाय. शेवटी अर्ध्या कंदात वाटण भरलं, अर्धा कोरा. खुणेसाठी वाटणाच्या कंदाला केळीच्या सोपट्याची दोरी बांधली.

मडकं लावलं, पेटवलं. भाऊ, त्याची मुलं, शेजारची दोन घरं, नेहमीची मंडळी. वीस-पंचवीस मिनिटं झाली तसा काकांचा फोन. त्यांना मी सकाळी सांगितलं होतं, आज लावतोय. विचारलं, वास कसा येतोय? मी म्हटलं, काका, नाक बंद आहे, सर्दी. पलीकडून बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाले, मग शिंतोडे मार.

माटलं फुटेल म्हणणारा माणूस!

मी फोन स्पीकरवर टाकला, मडक्याजवळ धरला, भावानं पाणी मारलं. नुसता फस्स आवाज. काका म्हणाले, "हजी नहीं." सगळी पोरं फोनभोवती उकिडवी बसली. पाच-सात मिनिटांनी परत. ह्या वेळी चुर्र.

"फरी नाख," काका म्हणाले. भावानं पुन्हा मारलं. चुर्रर्र.

"काढ, काढ! बळी जशे!" (करपेल!)

आई मागून म्हणाली, कोन बोलतं? म्हटलं, डुंगरीचे काका. तिनं पदराला हात पुसला, फोन माझ्या हातातून घेतला आणि मोठ्यानं म्हणाली, "पानी मारल्याबिगर कलत नाय, सांगितला होता ना?" तिनं त्यांना हे कधीच सांगितलेलं नव्हतं, पण काका म्हणाले, "हा बेन, हा."

दोरीचा कंद सगळ्यात आधी संपला. कोणी खाल्ला हे आई सांगत नाही.

---

रोहेकरीण

फोटो? पोपटी लावली आणि फोटो नाही असं चालत नाही इथं.

---

खाचरातला_बगळा

फोन काकांना ऐकवण्यात गुंतला होता. ठेवला तेव्हा फक्त साली उरल्या होत्या. सालींचा आहे, टाकू?

---

पेठेतला_अप्पा

टाका. ढीग कोणाचा मोठा ते पण लिहा.